आवक-जावक

अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, पत्र्याखाली ऑफिस.
पंखा गरम हवा या टेबलावरून त्या टेबलावर टाकतो.
काचेपलीकडे चोवीस माग. बोलायचं तर ओरडून.
राजेशम दुडम ओरडतात, "अम्मा, मेल मोबाइलवर पाहिजे.
कम्प्युटरवर आहे तेच. वेगळं काही नको."

पासवर्ड?
डायरीत नाही. क्लार्क श्रीशैलला माहीत नाही.
ते डोळे मिटतात, बोटं टेबलावर
धोट्यासारखी डावी-उजवीकडे जातात:
ताण्याचा नंबर, बाण्याचा नंबर, मधे बायकोचं नाव.
बरोबर निघतो.

मी सांगते, सर्व्हर दोन असतात,
येणाऱ्या मेलचा एक, जाणाऱ्याचा एक.
"म्हणजे आवक-जावक की,"
आणि कपाटातली लाल कापडी वही काढून दाखवतात,
जशी काही मीच विसरले होते.

आवक. पोर्ट नऊशे त्र्याण्णव. चालू.
मोबाइलवर मेल उतरायला लागतात:
सूतवाल्याचा तगादा, बँकेचा तगादा, लाइटबिल,
कुणाला तरी उद्याच हवे असलेले पाच हजार नॅपकिन.
चष्मा कपाळावर चढवून एकेक वाचतात,
तगादासुद्धा आता खिशात मावतो म्हणून खूश.

जावक बघायला कम्प्युटर उघडते.
गेल्या वर्षी सर्व्हर बदलला. नव्याला लॉगिन लागतं,
त्यासाठी एका चौकोनात खूण करायची असते.
कुणी केलेलीच नाही.
आउटबॉक्समध्ये एकेचाळीस.
चौदा महिने. एकही गेलेलं नाही.

खूण केली की सगळी एकदम सुटतील.
मी आधी मागची केबल उपटते.
"वाचा," म्हणते, "आणि सांगा कुठली सोडायची."

दिवाळीच्या शुभेच्छा, बाहेर वैशाख.
जुन्या सुताच्या भावातलं कोटेशन.
हे गेलं असतं तर माग विकावे लागले असते, श्रीशैल म्हणतो.
हुबळीच्या व्यापाऱ्याला तीन स्मरणपत्रं,
एकाहून एक कडक.
पुसा. पुसा. हेही पुसा.

मग एक, वेणुगोपाळला, सुरतेला. धाकटा भाऊ.
मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, चार ओळी:
नऊ नंबरचा माग तुझा आहे. विकला नाही.
दर शनिवारी तेल घालतो.
तू ये, नाहीतर घेऊन जा,
नाहीतर काय करू ते कळव.

मी काचेतून पहिल्यांदा नीट मोजते.
चालू आहेत तेवीस.

ते काहीतरी म्हणतात, ऐकू येत नाही.
मग ओरडून, "उत्तर दिलं नाही म्हणून
त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो नाही मी!"
एक कामगार वळून बघतो, परत तुटलेला धागा जोडायला वाकतो.

मी पोर्ट नंबर पुन्हा तपासते.
चारशे पासष्ट. मघाशीही तोच होता.

"तारीख कुठली पडेल?"
तसंच सोडलं तर तेव्हाची.
उघडून नव्यानं पाठवलं तर आजची.
"तेव्हाचीच राहू दे. कळू दे त्याला."
मग ते त्याच्याकडं खूप खाली जाऊन बसेल,
चौदा महिन्यांच्या मेलखाली. दिसेलच असं नाही.

चहा आला. साय धरली. कुणी उचलला नाही.

मग कीबोर्ड स्वतःकडं ओढून, दोन बोटांनी,
वर एक ओळ घातली:
हे मागच्या वर्षी लिहिलं होतं. मशीन खराब होतं.
आणि मला, "आजची टाका."

केबल लावली. खूण केली.
गेलं.
लाल वही अजून उघडीच होती, पण त्यांनी त्यात काही लिहिलं नाही.

राहिली मोबाइलची शेवटची सेटिंग.
नवीन मेल किती वेळानं बघायचे,
तासानं, अर्ध्या तासानं, पंधरा मिनिटांनी?
"आल्याबरोबर असं नाही का त्यात?"
आहे, म्हटलं. बॅटरी लवकर उतरते.
"उतरू दे की."

साडेतीनशे झाले. चारशे दिले,
वर एक टॉवेल, काठाला एक धागा चुकलेला.
गाडीची सीट पेटलेली. तोच टॉवेल घातला, बसले.